अर्धशिशी टाळायची तर रोजची गोळी की सुया?

महिन्यातले चार-पाच दिवस अर्धशिशीत जात असतील, तर नुसत्या वेदनाशामकांवर भागत नाही. वेदनाशामक गोळ्या महिन्यात दहा-पंधरा दिवस घ्याव्या लागल्या की त्यांच्यामुळेच डोकं धरू लागतं. मग प्रश्न येतो, रोजची प्रतिबंधक गोळी घ्यावी की ॲक्युपंक्चर करावं?

गुण येण्यात फार तफावत नाही. २०१६च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात, तीन महिन्यांनी दुखण्याचे दिवस निम्म्यावर आलेले रुग्ण सुयांच्या गटात ५७ टक्के होते आणि गोळ्यांच्या गटात ४६. सहा महिन्यांनी हे आकडे ५९ आणि ५४, म्हणजे जवळजवळ सारखेच. तुलनेसाठी नुसत्या लावल्यासारख्या केलेल्या खोट्या सुयांपेक्षा खऱ्या सुया थोड्याच सरस ठरल्या, हेही मान्य करायला हवं. त्यामुळे आपल्याला काय निभावतं, यावर ठरवावं.

गोळीत माझं अडलं ते सकाळपाशी. फ्लुनारिझिन हे प्रतिबंधक औषध रात्री घेतात, ५ किंवा १० मिलिग्रॅम. ते शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं, म्हणून गुंगी सकाळीही रेंगाळते. उठायला उशीर झाला की लोकल चुकू नये म्हणून पहिली काट बसते ती नाश्त्याला. मग उपाशीपोटी, फलाटावरच्या उन्हात ताटकळायचं. अर्धशिशी उठवायला एवढं पुरतं! गोळी झोपण्याच्या दोन तास आधी घेतली तर जडपणा थोडा उतरतो, पण भूक आणि वजन वाढू शकतं. नैराश्याचा त्रास झालेल्यांनी ही गोळी टाळावी. प्रोप्रानोलोल या दुसऱ्या प्रतिबंधक गोळीने गुंगी कमी येते, मात्र दमा असेल तर ते चालत नाही आणि एकदम बंदही करायचं नसतं. टोपिरामेट या तिसऱ्या गोळीने बोटांना मुंग्या येतात, बोलताना शब्द सापडत नाही. गरोदरपणाचा विचार असेल तर ते नकोच.

सुयांचा त्रास वेगळा, तो म्हणजे वेळेचा. आठवड्याला एक-दोन सिटिंग, प्रत्येकी वीस-तीस मिनिटं. मानेमागे कवटीखालच्या खोबणीत, अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये, पायाच्या अंगठ्याजवळ अशा बारीक सुया लावतात. सुई नीट बसली की तिथे जडपणा, ओढ जाणवते. विजेसारखी कळ गेली तर लगेच सांगावं. थोडं खाऊन जावं, आडवं पडूनच सुया घ्याव्यात, नाहीतर भोवळ येते. सुयांचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगावं. रक्त पातळ करणारी गोळी किंवा गरोदरपण असेल तर आधी बोलावं. खांद्यावर खोल सुई मात्र घेऊ नये, फुप्फुसाला इजा होऊ शकते.

तीन सिटिंगनंतर फरक नाही म्हणून बरेच जण सोडून देतात. निदान सहा तरी हव्यात. गोळ्या जमत नसतील तर ५ ते ८ आठवड्यांत १० सिटिंगपर्यंत करून पाहावं, असं ब्रिटनची नाइस ही संस्था सुचवते. बोरिवलीत राहून मुलुंडचा दवाखाना गाठायचा, दादरला गाडी बदलायची, असं असेल तर चौथी सिटिंग चुकणारच. आपल्याच लाइनवरचा, स्टेशनपासून चालत जाता येईल असा नोंदणीकृत ॲक्युपंक्चरतज्ज्ञ शोधावा आणि शनिवार सकाळची वेळ मागावी.

खर्चात गोळी स्वस्त पडते, यात वाद नाही. तरी सकाळी डोकं हलकं हवं असेल, दवाखाना जवळ असेल, तर आधी सुया करून पाहाव्यात असं मला वाटतं. महिनाभर आधीपासून दुखण्याचे दिवस कॅलेंडरवर मांडा. आठ सिटिंगनंतर ते घटले नाहीत तर डॉक्टरांकडून गोळी सुरू करून घ्या. दोन्हीपैकी काहीही घेतलंत, तरी डोकं उठल्यावर घ्यायची औषधं बॅगेत असू द्या.