कडू नेलपेंटचे आठ महिने

मार्चच्या पहिल्या आठवड्यात उजव्या हाताच्या मधल्या बोटाला नखुरडं झालं. बोट रात्रभर ठणकलं, म्हणून सकाळी नागपूरच्या धंतोलीत त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दहाही बोटं उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "टेन्शनचं काम आहे का?" मी अकाउंटंट. दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेला जीएसटीची रिटर्न्स, त्यात मार्च एंडिंग. नखं कुरतडणं शाळेपासूनचं, पण रक्त येईस्तोवर जायला लागलं ते नोकरीतच.

जखम भरल्यावर लावायला त्यांनी कडू नेलपेंट सांगितलं. अडीचशेच्या आतली छोटी बाटली, रंगहीन. त्यातलं कडू द्रव्य म्हणजे डिनॅटोनियम बेंझोएट. हे १९५८ साली स्कॉटलंडमध्ये सापडलं. स्पिरिट कोणी पिऊ नये म्हणून त्यातही घालतात. लहानपणी काडेकिराईत प्यायलेली मी, म्हटलं कडू कडू म्हणजे किती असेल? पहिल्यांदा बोट तोंडात गेलं आणि पाच मिनिटं बेसिनपाशी चुळा भरत उभी होते.

आपण हातानं जेवतो, हे बाटली बनवणाऱ्यांच्या डोक्यात नसावं. तर्री पोह्यांत चमचा असतो म्हणून निभावलं, पण सावजीच्या रश्श्यात पोळी बुडवली की तिखटाच्या मागून ती कडवट चव यायचीच. एकदा लेप ओला असतानाच कणीक मळली. आई म्हणाली, "पोळी कडू काऊन लागून राहिली वं?" तेव्हापासून रात्री भांडी आवरल्यावर लावायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा, असं ठरवून टाकलं. उन्हाळ्यात दर एक दिवसाआड लावावं लागलं. घाम आणि सतत हात धुणं, टिकणार कसं?

पहिले तीन आठवडे छान गेले. मग जीभ सरावली. २० एप्रिलला रिटर्न भरताना स्क्रीनवर चकरी फिरत होती आणि मी चक्क कडवटासकट दोन नखं संपवली. बाटली फेकायचीच होती, पण आधी एका समुपदेशक ताईंकडे गेले.

त्यांनी एक वही करायला लावली: बोट तोंडाकडे गेलं की वेळ आणि जागा लिहायची. मला वाटायचं, मी कामाच्या वेळी खाते. वहीत निघालं भलतंच. सगळ्यात जास्त नोंदी बर्डीच्या सिग्नलच्या, तोंडाला बांधलेल्या स्कार्फच्या आत बोट घालून! सिग्नलला थांबलं की डोकं ऑफिसातल्या आकड्यांकडे वळायचं. मग उपाय: हात निघाला की मूठ आवळून मिनिटभर धरायची, गाडीवर असले तर हँडलची मूठ. १९७३ मध्ये ॲझरिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेल्या सवय बदलण्याच्या पद्धतीतलं हे तंत्र. ऐकताना पोरखेळ वाटला, करताना पहिल्या आठवड्यात हात दुखले. पण कडू चव हात तोंडात गेल्यावर सांगते, आणि मूठ त्याच्या आधी.

म्हणून नेलपेंटला माझे पाचपैकी तीन. घंटी म्हणून उत्तम, एकट्यानं पुरणार नाही. बोटाला चीर असेल तर लावूच नका, आग होते. आणि काळजीनं झोपच उडाली असेल तर बाटलीच्या आधी माणसाशी बोला. सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.

नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, त्यामुळे धीर लागतो. आता नऊ बोटं ठीक आहेत. गेल्या रविवारी बाजारातून आंबिया बहाराची संत्री आणली. संत्र्याला पहिली चीर पाडायला नख लागतं, त्यामुळे आजवर ते काम आईकडे असायचं. यंदा मी सोललं, सालीचा रस थेट डोळ्यात उडाला.

डाव्या अंगठ्याचं नख अजून अर्धंच आहे. परवा २० तारीख.