पीयू फोमसाठी रेझिन पातळ घ्यावं की घट्ट?

बेळगावच्या उद्यमबागेत बर्फपेट्या करणारे आम्हा दोघा-तिघांकडे हाच प्रश्न घेऊन येतात. आंबोळीचं पीठ आठवा. फार सैल झालं तर बुडबुडे फुटून जातात, फार घट्ट राहिलं तर जाळीच पडत नाही. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन फोमचंही तसंच आहे. पॉलिऑल आणि आयसोसायनेट हे दोन द्रव मिसळले की रेझिन वायूनं फुगतं आणि आळून फोम होतो.

पातळ रेझिन पेटीच्या भिंतीतल्या चार-पाच सेंटीमीटरच्या फटीत कोपऱ्यापर्यंत आपसूक पोहोचतं. पण वायू सुटत असताना दोन बुडबुड्यांमधला पडदा खाली झरत झरत विरतो, फुटतो आणि दोघांचा एक मोठा बुडबुडा होतो. रेझिन वेळेत आळलं नाही, तर फुगलेला फोम खाली बसतो. तळाशी जड थर आणि वर मोठाली भोकं, असा तो निघतो.

घट्ट रेझिनमध्ये पडदे टिकतात, जाळी बारीक येते. ठोकळे किंवा लहान उघडे साचे भरायचे असतील तर मी बिनधास्त घट्टच घेईन. पेटीत मात्र ते अडतं. एका जानेवारीत रात्रभर शेडमध्ये राहिलेलं पॉलिऑल सकाळी काकवीसारखं पडत होतं. तसंच ओतलं. दुसऱ्या दिवशी पेटी करवतीनं कापली, तर कोपऱ्यात मूठभर पोकळी आणि फोममध्ये आयसोसायनेटच्या तपकिरी रेघा. गारठ्यानं दोन्ही द्रव नीट मिसळलेच नव्हते. त्या पेटीचं मला अजून वाईट वाटतं.

खरं तर डब्यातला घट्टपणा ही फक्त सुरुवात असते. मिसळल्यावर रेझिन तापतं, आधी थोडं सैल होतं, मग साखळ्या जुळू लागल्या की झपाट्यानं आळतं. वायू आणि आळणं यांची शर्यत लागते. आळणं फार पुढे गेलं तर वायूच्या दाबानं बुडबुड्यांच्या भिंती फाटतात, मागे राहिलं तर फोम बसतो. म्हणून विकणाऱ्याला क्रीम टाइम (मिसळल्यापासून फुगायला लागेपर्यंतचा वेळ) आणि जेल टाइम (आळायला लागेपर्यंतचा वेळ) दोन्ही विचारा.

पेटीसाठी माझं मत पातळ रेझिनलाच, पण फुगणं संपता संपता आळणारं हवं. ओतण्याआधी दोन्ही ड्रम २० ते २५ अंशांवर आणा. पावसाळ्यात, खानापूरकडे तर विशेषच, झाकणं घट्ट ठेवा. दमट हवेतलं पाणी आयसोसायनेटशी भिडून कार्बन डायऑक्साइड तयार करतं आणि वायूचा हिशेब बिघडतो. काम उघड्या हवेत आणि योग्य मास्क लावूनच करा.

मोठा ड्रम घेण्याआधी कागदी पेल्यात थोडं ओतून बघा, दुसऱ्या दिवशी उभं कापा. वरची आणि तळाची जाळी साधारण सारखी असेल तरच पैसे मोजा.