पहिल्या मुक्ताचे मंगळसूत्र: सोलापुरातील एका दागिन्यांच्या दुकानाविषयी

सोलापुरात मधल्या मारुतीच्या परिसरात सराफांच्या पेढ्यांच्या जोडीने इमिटेशन आणि वन ग्रॅम दागिन्यांची बरीच दुकाने आहेत, आणि ठुशी, मोहनमाळ, तन्मणी, वज्रटीक, नथ हा माल त्यांतल्या बहुतेकांत सारखाच मिळतो. मी ज्या दुकानाविषयी लिहीत आहे ते इतके लहान आहे, की आत चारपाच बायका उभ्या राहिल्या की सहावीला पायरीवर थांबावे लागते. तरीही मराठी मालिका मनापासून पाहणाऱ्या प्रत्येकीने तेथे जाऊन यावे, असे मला वाटते. दागिने मालिकेतल्या पात्राच्या नावाने विकणे ही रीत आता जुनी झाली आहे. 2013 ते 2016 या काळात चाललेल्या ‘होणार सून मी ह्या घरची’मुळे जान्हवीचे मंगळसूत्र महाराष्ट्रभरच्या दुकानांत पोहोचले आणि मालिका संपल्यावरही त्याच नावाने विकले जात राहिले. या दुकानाचे वेगळेपण असे, की एखाद्या भूमिकेतली अभिनेत्री मधेच बदलली तर तेथे दोघींचे दागिने वेगवेगळ्या खणांत ठेवले जातात. गिऱ्हाइकाने ‘प्रेमाची गोष्ट’ मालिकेतल्या मुक्ताचे मंगळसूत्र मागितले की मालकीणबाई आधी विचारतात, “पहिल्या मुक्ताचं काढू का दुसऱ्या?”

मालकीणबाईंच्या इच्छेनुसार दुकानाचे नाव मी येथे लिहिलेले नाही, पण त्या भागात मालिकेतले दागिने कोठे मिळतात असे विचारले तर कोणीही रस्ता दाखवील. त्या मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषा सारख्याच सहजतेने बोलतात, त्यामुळे पूर्व भागातल्या तेलुगूभाषक बायकांपासून अक्कलकोटच्या बाजूने येणाऱ्या कन्नड बोलणाऱ्या सुनांपर्यंत सर्व प्रकारचे गिऱ्हाईक त्यांच्याकडे येते. मोठ्या मुलीने मोबाइलवर छायाचित्रे जमवून ठेवली आहेत. गिऱ्हाईक पात्राचे नाव घेते, मुलगी छायाचित्र समोर धरते, आणि मग कोणती अभिनेत्री हवी यावर बोलणे सुरू होते. हे बोलणे ऐकण्यासारखे असते.

मुक्ताचेच पाहा. ‘प्रेमाची गोष्ट’ ही मालिका सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झाली, त्यात दंतवैद्य मुक्ताची भूमिका तेजश्री प्रधान हिने केली, आणि जानेवारी 2025 मध्ये तिच्या जागी स्वरदा ठिगळे आली. दुकानातल्या दोन्ही खणांतली मंगळसूत्रे शेजारी ठेवली तर वाट्यांच्या आकारात आणि मण्यांच्या ओळीत थोडाच फरक दिसतो. तरी माझ्यासमोर आलेल्या गिऱ्हाइकांपैकी बहुतेकींनी पहिलेच मंगळसूत्र मागितले, आणि एका मध्यमवयीन बाईंनी तर दुसरा खण उघडूही दिला नाही. “नवी बी चांगलीच करत होती की, तिला नावं ठेवायची न्हाईत,” असे त्या म्हणाल्या, “पर हिचा आवाज आला की घरातलंच कोणतरी बोलतंय वाटायचं.”

त्यांच्या या बोलण्यात मला या साऱ्या जिव्हाळ्याचे खरे कारण दिसते. दैनंदिन मालिका आठवड्यातून सहा दिवस लागते, म्हणजे वर्षभरात 300 हून अधिक संध्याकाळी एकच चेहरा आणि एकच आवाज घरात येतो. पोळ्या लाटताना, मुलांचा अभ्यास घेताना, दिवसभराच्या कामानंतर पाय पसरून बसताना ती व्यक्ती समोर असते, आणि पुष्कळदा तिच्याकडे पाहण्याचीही गरज नसते, कारण स्वयंपाकघरातून नुसता आवाज ऐकून ती आज दुखावली आहे की चिडली आहे हे कळते. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी 1956 मध्येच दाखवून दिले होते, की पडद्यावर नियमित दिसणाऱ्या व्यक्तीशी प्रेक्षकाचे नाते एकतर्फी असले तरी ओळखीच्या माणसाशी असावे तसे जवळिकीचे होते. अभिनेत्री बदलली की कथा पुढे जात राहते, पण ही ओळख तेथेच थांबते. नव्या मुक्ताला तर आणखी एक अडचण होती. सई नावाच्या लहान मुलीवर जीव लावून मुक्ता त्या मुलीच्या घरात आली, हा मालिकेचा पाया होता, आणि तो सगळा भूतकाळ प्रेक्षकांनी दुसऱ्या चेहऱ्यावर पाहिलेला होता. नवी अभिनेत्री कितीही समर्थ असली, तरी जे प्रसंग तिने पडद्यावर जगलेलेच नाहीत त्यांच्या आठवणीने तिला रडावे लागते, आणि पाहणाऱ्याच्या मनात त्या वेळी पहिलीचेच डोळे भरून येतात. स्वरदा ठिगळे यांनी ‘स्वराज्य सौदामिनी ताराराणी’मध्ये ताराराणींची मध्यवर्ती भूमिका पेलली होती, तेव्हा त्यांच्या ताकदीविषयी प्रश्नच नाही.

नाटकात असे होत नाही. ‘नटसम्राट’मधले अप्पासाहेब बेलवलकर 1970 मध्ये प्रथम डॉ. श्रीराम लागू यांनी उभे केले आणि पुढे दत्ताराम, यशवंत दत्त अशा नटांनी ती भूमिका आपापल्या परीने केली. रसिकांनी त्यांची तुलना केली, वाद घातले, पण कोणी आपल्या घरातले माणूस हिरावले गेल्यासारखे दुःखी झाले नाही. हुतात्मा स्मृती मंदिरात नाटकाला जाणारा प्रेक्षक तिकीट काढून, चांगले कपडे घालून, नटाचा अभिनय पाहायला म्हणून जातो, आणि पडदा पडल्यावर घरी येतो. मालिकेतला नट आपणच आपल्या घरी येतो, आणि त्याच्या येण्याची सवय लागते.

दुकानात सर्वांत रंगलेले बोलणे मी शनायाच्या खणापाशी ऐकले. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ 2016 मध्ये सुरू झाली तेव्हा शनायाची भूमिका रसिका सुनील हिने केली, 2018 मध्ये ती शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्यावर ईशा केसकर आली, आणि 2020 मध्ये रसिका सुनील पुन्हा त्याच भूमिकेत परतली. शनाया ही दुसऱ्याचा संसार मोडणारी बाई, तिच्यावर प्रेम करावे असे लेखकांनी काही लिहिलेले नव्हते, तरीही प्रेक्षकांना पहिलीच शनाया हवी होती, कारण तिचा तो लाडिक हेल, ओठ काढून बोलणे आणि त्यावर रोज चिडण्याचा आपला हक्क हे सगळे ठरून गेले होते. राग हीसुद्धा जवळीकच असते.

ईशा केसकर हिच्या बाबतीत सोलापुरात वेगळीच गुंतागुंत होती, आणि ती मला याच दुकानात समजली. शहराला लागून असलेल्या बाळे येथे खंडोबाचे मोठे देवस्थान आहे, खंडोबा येथल्या असंख्य घराण्यांचे कुलदैवत आहे, आणि 2014 ते 2017 या काळात ‘जय मल्हार’मध्ये ईशाने खंडोबाच्या दुसऱ्या पत्नीची, बानूची भूमिका केली होती. ज्या घरांत देवाच्या पाठोपाठ बानूचे नाव भक्तीने घेतले जाते, तेथे तोच चेहरा वर्षदीड वर्षाने शनाया होऊन राधिकेच्या, म्हणजे त्या मालिकेच्या नायिकेच्या, नवऱ्याला भुलवताना पाहणे अनेकींना जड गेले. मालकीणबाईंच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने त्या दिवसांत घेतलेले बानूचे दागिने आजही जपून ठेवले आहेत आणि दर वर्षी यात्रेच्या आधी त्यांना पॉलिश करून घेण्यासाठी ती येते; शनायाचा विषय निघाला की ती फक्त रसिकाचेच नाव घेते. येथे पहिल्या शनायाची ओढ जितकी होती, तितकीच बानू बानूच राहावी ही इच्छाही होती. कलाकार बदलताना निर्माते वेळापत्रक आणि चेहरेपट्टी पाहत असतील, पण येणारी अभिनेत्री आपली आधीची भूमिका सोबत घेऊन येते, आणि पाहणाऱ्यांच्या मनात ती भूमिका किती खोल गेली आहे हे गावागावाप्रमाणे बदलते.

मात्र पहिला कलाकारच नेहमी मनात राहतो, असे म्हणता येणार नाही, आणि ही गोष्टही या दुकानाच्या खणांतून स्पष्ट होते. ‘आई कुठे काय करते’मधल्या संजनाचा तेथे एकच खण आहे. डिसेंबर 2019 मध्ये मालिका सुरू झाली तेव्हा संजनाची भूमिका दीपाली पानसरे करत होती. मार्चमध्ये टाळेबंदीमुळे चित्रीकरणे थांबली, आणि जुलै 2020 मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली तेव्हा त्या भूमिकेत रुपाली भोसले आली. पहिलीला जेमतेम तीन महिने मिळाले होते, दुसरी नोव्हेंबर 2024 मध्ये मालिका संपेपर्यंत राहिली, आणि संजनाचे अनिरुद्धशी लग्न, तिची घुसमट, त्याच्या पहिल्या बायकोशी, अरुंधतीशी बदलत गेलेले नाते हे सगळे रुपालीच्याच चेहऱ्यावर घडले. मध्ये काही महिन्यांचा खंड पडल्यामुळे सवय मोडलेलीच होती, त्यामुळे बदल बोचला नाही. संजनाचे दागिने मागणाऱ्या मुलींना पहिली संजना कोण होती हे सांगितले तर त्या आश्चर्य करतात.

‘ठरलं तर मग’मधल्या पूर्णा आजीविषयी दुकानात पहिली-दुसरी असे शब्द कोणी वापरत नाही. 16 ऑगस्ट 2025 रोजी ती भूमिका करणाऱ्या ज्योती चांदेकर यांचे निधन झाले आणि नंतर रोहिणी हट्टंगडी यांनी ती भूमिका स्वीकारली. ज्या कलाकाराला मृत्यूने नेले त्याची जागा घेणाऱ्यावर कोणी रुसत नाही.

आता मला या दुकानातले सर्वांत आवडलेले सांगते. दर्शनी काउंटरच्या डाव्या हाताचा वरचा खण पूर्णपणे तेजश्री प्रधानच्या भूमिकांचा आहे: 2013 ची जान्हवी, 2019 मधल्या ‘अग्गंबाई सासूबाई’ची शुभ्रा, 2023 ची मुक्ता, आणि 2025 मध्ये सुरू झालेल्या ‘वीण दोघांतली ही तुटेना’ची स्वानंदी. शुभ्राच्या बाबतीतही 2021 मध्ये पुढची मालिका आली तेव्हा उमा पेंढारकर त्या भूमिकेत आली होती, आणि तेव्हाही मुक्ताच्या वेळेसारखीच हळहळ झाली होती, असे मालकीणबाई सांगतात. त्यांनी हा खण पात्रांप्रमाणे न लावता अभिनेत्रीप्रमाणे लावला, कारण गिऱ्हाईक जान्हवीपासून स्वानंदीपर्यंत तिच्यामागे चालत आले. लग्नात जान्हवीचे मंगळसूत्र घेतलेली नवी नवरी आता शाळकरी मुलीचे बोट धरून येते आणि स्वानंदीचे काही आले का असे विचारते. तिच्या संसाराची सगळी वर्षे या एका चेहऱ्याच्या सोबतीने गेली आहेत, आणि एखाद्या मालिकेने तो चेहरा बदलला तर ती दुखावणारच. तिच्या दुःखाला वेडेपणा म्हणणाऱ्यांनी तो खण पाहावा, असे मला मनापासून वाटते. कोणत्याही विक्रेत्याने आपल्या गिऱ्हाइकांना इतके नीट ओळखलेले मी पाहिलेले नाही.

मालाविषयी सांगायचे तर तो चांगला आहे, उत्कृष्ट नाही. साधी मंगळसूत्रे 250 रुपयांपासून मिळतात, वन ग्रॅमची 600 ते 1400 रुपयांपर्यंत जातात, आणि काळे मणी पक्क्या दोऱ्यात घट्ट ओवलेले असतात. सोलापूरचा उन्हाळा 40 अंशांच्या वर जातो आणि घामाने मुलामा लवकर उतरतो, म्हणून उन्हाळ्यात रोज वापरायचे असेल तर तारेच्या कड्यांऐवजी दोऱ्यात ओवलेले घ्यावे आणि रात्री कोरड्या फडक्याने पुसून डबीत ठेवावे. पॉलिशची सहा महिन्यांची हमी तोंडी देतात आणि ती पाळतातही, पण कच्ची पावती मागून घेतलेली बरी. मालिका लोकप्रिय झाली की त्या पात्राच्या दागिन्यांची किंमत शेपन्नास रुपयांनी वाढते, हे मात्र मला पटत नाही.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे, आणि ती मी मालकीणबाईंशीही बोलले आहे. नंतर आलेल्या अभिनेत्रींचे दागिने खालच्या खणात असतात, ते काढताना थोडी टाळाटाळ होते, आणि डब्यांवर फक्त ‘दुसरी मुक्ता’, ‘दुसरी शुभ्रा’ असे लिहिलेले असते. ज्या मुलींनी मालिका 2025 मध्ये पाहायला घेतली त्यांच्यासाठी स्वरदा ठिगळे हीच पहिली मुक्ता आहे, आणि त्यांचा जीव तिच्यावर तितकाच खरेपणाने जडलेला असू शकतो. रिकाम्या झालेल्या जागेवर उभे राहून रोज तुलना सहन करणे हे अवघड काम आहे; ते करणाऱ्या कलाकाराचे पूर्ण नाव निदान डबीवर तरी असावे. मालकीणबाईंनी हे ऐकून घेतले आणि मुलीला तशा चिठ्ठ्या करायला सांगितले, पण हे लिहीपर्यंत त्या चिकटवलेल्या नव्हत्या.

जायचे असेल तर दुपारी जावे. संध्याकाळी, विशेषतः लगीनसराईत आणि गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, निवांत बोलणे होत नाही. नंतर आलेल्या अभिनेत्रीचा एखादा दागिना हवा असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवावे, म्हणजे तो खालून काढून, पुसून तयार ठेवतात.