बाळाच्या डोळ्यावरची डर्मॉइडची गाठ: आताच काढावी की थांबावे?

बाळाच्या डोळ्यात बुबुळ आणि पांढरा भाग जिथे मिळतात त्या कडेवर, बहुधा खालच्या व बाहेरच्या बाजूस, जन्मापासूनच एखादी पांढुरकी-पिवळसर घट्ट गाठ दिसत असेल, तर ती बहुतेक वेळा लिंबल डर्मॉइड असते. ही कर्करोगाची गाठ नव्हे. गर्भात डोळा घडत असताना त्वचेसारखी ऊती भलत्या जागी तयार झाल्याने ती होते, आणि म्हणूनच तिच्यात केसांची मुळे, तैलग्रंथी व चरबी सापडते. काही बाळांच्या गाठीवर तर बारीक केसही उगवलेले दिसतात. ती कर्करोगात बदलण्याची शक्यता जवळजवळ नसतेच. त्यामुळे आईवडिलांना शस्त्रक्रियेचा निर्णय घाईने घ्यावा लागत नाही, तो विचारपूर्वक घेता येतो.

मात्र गाठ निरुपद्रवी आहे म्हणून डोळाही सुरक्षित आहे, असे समजणे चूक ठरेल. गाठीमुळे पारपटलाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, गोलाई एका बाजूने बिघडते आणि त्या डोळ्याला सिलिंडरचा मोठा नंबर येऊ शकतो. बाळ दुसऱ्या डोळ्याने नीट पाहत असल्यामुळे त्याच्या वागण्यातून हे कळत नाही. मेंदू मात्र त्या डोळ्याचे अस्पष्ट चित्र हळूहळू नाकारू लागतो व डोळा आळशी होतो. दृष्टीची घडण साधारण पहिल्या 7 ते 8 वर्षांत होते आणि त्यातही सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात. म्हणून माझ्या मते गाठ केव्हा काढायची यापेक्षा नंबर केव्हा तपासायचा हा प्रश्न आधीचा आहे, आणि त्याचे उत्तर ‘लगेच’ असेच आहे.

गाठ लहान असेल, बाहुलीपासून दूर असेल आणि नंबर चष्म्याने सांभाळता येत असेल, तर थांबणे हाच मला अधिक शहाणपणाचा मार्ग वाटतो. पण थांबणे म्हणजे काहीच न करणे नव्हे. थेंब घालून ठरावीक काळाने नंबर तपासणे, तान्हेपणीही चष्मा लावणे आणि गरजेप्रमाणे चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधणे, हे सारे चिकाटीने करावे लागते. ते होणार नसेल, तर थांबण्यातला फायदा उरत नाही.

गाठ बाहुलीसमोर येत असेल, पापणी नीट मिटू देत नसेल, डोळा सतत चुरचुरत असेल किंवा चष्मा-पट्टी करूनही नजर मागे पडत असेल, तर तोल शस्त्रक्रियेकडे झुकतो. त्यापूर्वी गाठीची खोली कळणे आवश्यक असते. वरवरची गाठ तासून काढता येते; खोलवर गेलेली गाठ काढल्यास पारपटल पातळ होऊन त्याला छिद्र पडण्याचा धोका असतो, म्हणून तिथे दात्याच्या पारपटलाच्या थराचे रोपण करावे लागू शकते. तान्ह्या बाळात रोपणाचे टाके लवकर सैल होतात आणि ते वेळीच काढले नाहीत, तर संसर्गाला वाट मिळते.

भुलीचा बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होईल, ही भीती स्वाभाविक आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 मध्ये दिलेला इशारा 3 वर्षांखालील मुलांना 3 तासांहून अधिक वेळ किंवा वारंवार दिलेल्या भुलीबद्दल होता. तान्हेपणी एकदाच, तासाभराच्या आत दिलेल्या भुलीमुळे पाचव्या वर्षी बौद्धिक विकासात फरक आढळला नाही, असे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीतून दिसले. तेव्हा लहानशी शस्त्रक्रिया केवळ भुलीच्या भीतीने टाळण्याचे कारण नाही, पण एकामागून एक शस्त्रक्रिया होणार असतील, तर हा मुद्दा डॉक्टरांशी जरूर बोलावा.

दोन्ही मार्गांत बाळाचे कान, जबडा आणि मणकेही तपासून घ्यावेत, कारण ही गाठ कधीकधी गोल्डनहार सिंड्रोमचा, म्हणजे डोळे, कान, जबडा व मणके यांत जन्मजात दोष असलेल्या विकाराचा, भाग असते. कानापुढे मांसाचे छोटे कोंब असतील तर विशेष लक्ष द्यावे आणि ऐकण्याची चाचणी करावी.

शस्त्रक्रियेने डोळ्याचे रूप बहुतेकदा सुधारते, तरी जागेवर पांढुरका वण राहू शकतो आणि सिलिंडरचा नंबर पूर्णपणे जातोच असे नाही. काही वेळा तो तसाच राहतो किंवा वाढतोही. म्हणून जखम भरल्यावर, आणि रोपण झाले असल्यास टाके निघाल्यावर पुन्हा, नंबर तपासून चष्मा बदलावा व पट्टी चालू ठेवावी.