व्हिडिओ कॉलवर समुपदेशन की मिरजेला प्रत्यक्ष जाऊन?

जत-आटपाडीकडनं मिरजेला मनाच्या डॉक्टरकडं जायचं म्हणजे एसटीत अख्खा दिवस जातो, रोजगार बुडतो आणि वर स्टँडवर कोणतरी पाव्हणा भेटतोच, "कुठं निघालासा?" म्हणून. तिथं फोन बरा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं, २०२२ पासनं आहे तरी गावात कुणाला माहीत नाही.

पण तपासणीचं म्हणाल तर मी प्रत्यक्षच म्हणेन. मोबाईलवर पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली भरता येते, ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, एकूण २७. १० किंवा त्याच्या वर गेलं की नीट तपासून घ्यायचं, म्हणजे ती फक्त चाळणी झाली, निदान नव्हे. शेवटचा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा असतो, आणि शेजारी सासूबाई शेंगा फोडत बसल्यात म्हटल्यावर बाई तिथं शून्यावरच खूण करणार की! समोर बसलेल्या डॉक्टरला हाताची थरथर दिसते, थायरॉईडची शंका आली तर रक्त तपासायला सांगतो.

गोळ्या सुरू झाल्या, बरं वाटायला लागलं की मधल्या भेटी व्हिडिओवर खुशाल करा, फक्त रेंज असलेली आणि एकांताची जागा बघा.