युस्टनच्या फ्रेंड्स हाऊसमधली लायब्ररी: क्वेकर पूर्वज शोधताय तर इथे जाच

लंडनला युस्टन स्टेशनमधून बाहेर पडलं की रस्त्यापलीकडे फ्रेंड्स हाऊस दिसतं, ब्रिटनमधल्या क्वेकर लोकांचं मुख्य ऑफिस. क्वेकर म्हणजे सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ, ते स्वतःला फ्रेंड्स म्हणवतात. त्याच इमारतीत त्यांची लायब्ररी आहे. इमारत १९२० च्या दशकातली पण लायब्ररीची सुरुवात १६७३ ची, म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या आदल्या वर्षीची. क्वेकर असायला लागत नाही, कुणीही जाऊ शकतं, फी नाही. माझ्याकडून पाचपैकी पाच. आता आपल्यातल्या बऱ्याच जणींचं, जणांचं सासर इंग्लिश आहे, मुलं शाळेत फॅमिली ट्री करतात आणि मग घरातून कुणीतरी म्हणतं की आमच्यात पूर्वी क्वेकर होते म्हणे, तर अशा सगळ्यांसाठी हा सविस्तर रिव्ह्यू, कारण तिथे काय मिळतं, काय मिळत नाही आणि मिळालेलं वाचायचं कसं हे एका जागी मराठीत मला कुठे दिसलं नाही.

माझ्या सासूबाईंचं माहेर इंग्लंडच्या उत्तरेला केंडलच्या बाजूचं, पूर्वीचं वेस्टमोरलँड. त्यांच्या घरात दोनच गोष्टी सांगितल्या जायच्या, आपण क्वेकर होतो आणि आपला लोकरीचा धंदा होता, बास, ना नाव ना साल. गावच्या चर्चच्या रजिस्टरमध्ये शोधलं तर सतराव्या शतकाच्या शेवटी हे घराणं एकदम गायबच होतं. बरेच जण इथे हात टेकतात, त्यांना वाटतं घर बुडालं किंवा लोक गाव सोडून गेले. तसं नसतं. क्वेकर बाप्तिस्मा करत नाहीत, पाद्री मानत नाहीत, लग्न चर्चमध्ये लावत नाहीत, चर्चच्या आवारात पुरत नाहीत, मग चर्चच्या वहीत नाव येणार कुठून! माणसं त्याच गावात, त्याच घरात असतात, फक्त त्यांची वही वेगळी असते.

आणि ती वही फार नीट ठेवलेली असते. पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्सने १६५२ मध्ये त्याच भागात, फर्बँक फेलच्या माळावर भाषण केलं तिथून ही चळवळ जोरात पसरली, आणि पुढच्या काही वर्षांतच या लोकांनी जन्म, लग्न आणि दफन लिहून ठेवायला सुरुवात केली. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांमध्ये घराण्याच्या पिढ्या सापडतात ना, तसाच भरवसा मला या नोंदींबद्दल वाटतो, फरक एवढाच की इथे माणूस यात्रेला आला म्हणून नोंद होत नाही, तो आयुष्यभर आपल्या मीटिंगच्या, म्हणजे स्थानिक क्वेकर सभेच्या, नजरेखाली असतो.

१८४० मध्ये ही जुनी रजिस्टरं सरकारजमा झाली, आता ती लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आरजी ६ या नंबराखाली आहेत आणि त्यांचे फोटो पैसे भरून ऑनलाइन बघता येतात. पण देण्याआधी क्वेकरांनी एक फार शहाणपणाचं काम केलं, सगळ्याची आडनावांनुसार गोषवारा-रजिस्टरं करून घेतली, त्यांना डायजेस्ट म्हणतात. ती या लायब्ररीत मायक्रोफिल्मवर बघता येतात. एका भागातल्या एका आडनावाची सगळी माणसं लागोपाठ दिसतात, कोण कुणाचा मुलगा, कुठे राहायचा, धंदा काय, आणि काही दफनांपुढे तर माणूस सदस्य नव्हता अशीही खूण असते. माझ्यासाठी हीच सगळ्यात उपयोगी गोष्ट ठरली कारण ऑनलाइन एकेक नाव टाइप करून जे तुकडे मिळाले होते ते इथे जोडले गेले.

आता ऑनलाइनबद्दल. ज्या साइटचे पैसे आम्ही भरले होते (नाव घेत नाही) तिच्या इंडेक्समध्ये तारखांचा घोळ होता आणि हा मुद्दा प्रत्येकाने समजून घ्यावा. क्वेकर महिन्यांची नावं वापरत नसत कारण त्यांतली बरीच रोमन देवांवरून आलेली, म्हणून पहिला महिना, दुसरा महिना असं लिहायचे. १७५२ च्या आधी इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला बदलायचं आणि पहिला महिना म्हणजे मार्च. म्हणजे दुसरा महिना एप्रिल, अकरावा महिना जानेवारी, आणि तो जानेवारी आपल्या हिशोबाने पुढच्या वर्षातला. आमच्याकडे एका जोडप्याचं लग्न १६९८ च्या दुसऱ्या महिन्यात आणि पहिलं मूल १६९८ च्या अकराव्या महिन्यात. इंडेक्सने लग्न एप्रिल १६९८ आणि मूल जानेवारी १६९८ असं लावलं, म्हणजे लग्नाच्या तीन महिने आधी बाळ! खरं तर मूल जानेवारी १६९९ चं, लग्नानंतर नऊ महिन्यांनी, सगळं व्यवस्थित. त्या काळात लग्नाआधी मूल झालं असतं तर मीटिंगने जाब विचारला असता आणि तो मिनिट्समध्ये, म्हणजे सभेच्या कामकाजाच्या वहीत, आला असता. त्यामुळे इंडेक्सवर थांबू नका, मूळ पानाचा फोटो उघडा आणि महिना स्वतः मोजा.

लग्नाच्या नोंदी तर निव्वळ खजिना आहेत. नवऱ्याचं गाव, धंदा, दोघांचे आईवडील, आणि मूळ सर्टिफिकेटवर हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या, बायकांच्या पण. १७५३ च्या लग्नाच्या कायद्याने बाकी जवळजवळ सगळ्यांना चर्चमध्येच लग्न लावायची सक्ती झाली, त्यातून फक्त क्वेकर आणि ज्यू सुटले, म्हणून ही साखळी मध्ये तुटत नाही. डायजेस्टमध्ये सह्या नसतात हे मात्र लक्षात ठेवा, त्यासाठी मूळ नोंदच बघावी लागते. आमच्या एका सर्टिफिकेटवर सह्या करणाऱ्यांची आडनावं आणि पुढच्या दोन पिढ्यांतल्या सुनांची माहेरं पडताळून बघितली तर निम्मी तीच!

पण मला खरं जे सांगायचंय ते धंद्याबद्दल. या लोकांचा धर्म आणि धंदा वेगवेगळा शोधताच येत नाही, एकाच कागदात दोन्ही येतात. शपथ घ्यायची नाही हा त्यांचा नियम, बायबलमध्ये नाही म्हटलंय म्हणून, आणि सरकारी पद शपथेशिवाय मिळत नसे. १६९६ च्या कायद्याने कोर्टात काही ठिकाणी शपथेऐवजी नुसतं प्रतिज्ञेवर सांगायची मुभा मिळाली तरी पदांची दारं बंदच राहिली. ऑक्सफर्डला प्रवेश घेतानाच आणि केंब्रिजला डिग्री घेताना चर्च ऑफ इंग्लंड मान्य असल्याचं लिहून द्यावं लागायचं, म्हणून तीही वाट बंद, आणि लष्कर तर त्यांना स्वतःलाच नको. मग राहिलं काय, तर शेती, कारागिरी आणि दुकान. वस्तूची एकच किंमत सांगायची, घासाघीस नाही, मापात खोट नाही, असं असल्यावर गिऱ्हाईक टिकतंच. कोलब्रुकडेलच्या अब्राहम डार्बीने १७०९ मध्ये दगडी कोळशाचा कोक वापरून लोखंड गाळलं तो क्वेकर, बार्कलेज आणि लॉइड्स बँकांची मुळं क्वेकरांची, क्लार्क्सचे बूट, हंटली अँड पामर्सची बिस्किटं, आणि चॉकलेटमध्ये फ्राय, राउनट्री, कॅडबरी तिघंही. जॉन कॅडबरींनी १८२४ मध्ये बर्मिंगहॅमच्या बुल स्ट्रीटवर चहा-कॉफी-कोकोचं दुकान टाकलं, दारूला चांगला पर्याय हवा असं त्यांना वाटायचं. मी ठाण्याची, आमच्याकडे कॅडबरी जंक्शन हा बसस्टॉपसारखा रोजचा पत्ता, त्यामागे हा सगळा धर्म उभा आहे हे कळल्यावर मला फार बरं वाटलं.

पण म्हणून आडनाव जुळलं की लगेच स्वतःला बँकवाल्यांच्या वंशात बसवू नका. बहुतेक क्वेकर साधी माणसं होती, विणकर, लोकर पिंजणारे, चांभार, शेतकरी, छोटे दुकानदार. आमचे पण तेच निघाले, आधी लोकर पिंजणारे, मग मोजे विणून घेऊन विकणारे, केंडलचे विणलेले मोजे त्या काळी प्रसिद्ध होते. हे मला पहिल्यांदा नीट कळलं ते सफरिंग्जच्या वह्यांमुळे. चर्चला द्यायचा दशांश कर क्वेकर देत नसत, मग घरी येऊन सामान उचललं जायचं, आणि मीटिंग प्रत्येक जप्ती लिहून ठेवायची, किती मागितले, काय नेलं, त्याची किंमत किती. आमच्या घरातून पिंजलेली लोकर आणि मोज्यांचे जोड नेले असं आहे, मागणीपेक्षा कितीतरी जास्त किमतीचे. एका ओळीत माणसाची श्रद्धा पण आहे आणि दुकानात काय माल होता ते पण आहे, मी ते पान सासूबाईंना वाचून दाखवलं तेव्हा त्या रडल्या.

दुसरा ऐवज म्हणजे मंथली मीटिंगची मिनिट्स. नावाप्रमाणे महिन्याला भरणारी ही सभा, आसपासच्या चार-पाच गावांची, सगळा कारभार हिच्याकडे. कुणी दुसरीकडे राहायला गेलं की जुनी मीटिंग नव्या मीटिंगला सर्टिफिकेट पाठवायची, माणूस चांगल्या चालीचा आहे, देणी नाहीत वगैरे. मुलगा शिकाऊ म्हणून लांबच्या क्वेकर दुकानदाराकडे गेला की तेही असंच सापडतं. आमचा एक मुलगा केंडलहून किराणा व्यापाऱ्याकडे शिकायला गेला आणि तिथून घराण्याचा धंदाच बदलला, लोकर सुटली आणि चहा-साखर आली, हे दुसऱ्या कुठल्याही कागदात कळलं नसतं.

आणि बाहेर काढल्याच्या नोंदी. कुणी दिवाळखोर झाला की मीटिंग दोन माणसं पाठवून त्याचे हिशोब बघायची, लोकांचे पैसे बुडवले असं दिसलं तर सदस्यत्व जायचं. पाद्रीसमोर, म्हणजे बाहेरच्या माणसाशी चर्चमध्ये लग्न केलं तरी जायचं, हा नियम १८६० च्या सुमारास सैल झाला पण तोवर कितीतरी घरं यातच क्वेकर राहिली नाहीत. आमच्या घराची क्वेकर साखळी इथेच संपते, मुलीने चर्चमध्ये लग्न केलं, तिला समजवायला बायका घरी गेल्या, ती ठाम राहिली. सासूबाई तिच्याच वंशातल्या. धंद्यावरूनही काढायचे. लंडनच्या वार्षिक सभेने, म्हणजे देशभरच्या क्वेकरांच्या सभेने, १७६१ मध्ये ठरवलं की गुलामांचा व्यापार करणाऱ्याला ठेवायचं नाही, याचा अर्थ त्याआधी असे लोक आत होते, आणि पूर्वज व्यापारी असेल तर हे समोर येऊ शकतं याची मनाची तयारी ठेवा. बर्मिंगहॅमचे सॅम्युअल गाल्टन बंदुका बनवायचे, युद्धाला विरोध असलेल्या धर्मात बंदुकीचा कारखाना, शेवटी १७९६ मध्ये तिथल्या मीटिंगने त्यांना सदस्यत्वातून काढलं.

आता लायब्ररीत काय नाही ते. तुमचा वंशवृक्ष ते करून देत नाहीत, कुठे काय शोधायचं ते सांगतात, आणि फार आपुलकीने सांगतात, मीटिंग म्हणजे नक्की कुठली, हद्द कुठपर्यंत, हे मला तिथेच कळलं. गावोगावच्या मीटिंगची मिनिट्स बहुतांशी तिथे नाहीत, ती त्या त्या काउंटीच्या आर्काइव्हमध्ये आहेत, लंडन आणि आसपासच्या मीटिंग्जची मात्र इथे आहेत. आमची केंडलच्या आर्काइव्हमध्ये बघावी लागली. फ्रेंड्स हाऊसला जे भरपूर आहे ते म्हणजे छापील गोष्टी, मृत सदस्यांची माहिती देणारं अॅन्युअल मॉनिटर, चरित्रांचा टाइप केलेला मोठा संग्रह, यॉर्कशायरच्या अॅकवर्थ शाळेसारख्या क्वेकर शाळांच्या मुलांच्या याद्या. शाळेच्या यादीतून धंदा कळतो कारण बरीच मुलं पुढे काय झाली तेही लिहिलेलं असतं.

कबरी शोधत फिरू नका. नावाचा दगड लावणं म्हणजे बडेजाव असं मानायचे, १८५० मध्ये साध्या एकसारख्या दगडांना परवानगी मिळाली, त्याआधीचं बहुधा काही सापडणार नाही, दफनाची नोंद तेवढी मिळेल.

भारताशी संबंध असलेल्यांसाठी एक वेगळी गोष्ट, क्वेकर मिशन एकोणिसाव्या शतकात मध्य प्रदेशात होशंगाबादला, म्हणजे आताच्या नर्मदापुरमला होतं आणि मिशनचे कागद याच लायब्ररीत आहेत. त्या बाजूच्या मराठी घरांपैकी कुणाचे आजोबा-पणजोबा मिशनच्या शाळेत किंवा दवाखान्यात असतील तर त्यांनी जरूर विचारून बघावं.

जायच्या आधी वेळा त्यांच्या वेबसाइटवर बघा, बदलत असतात, कॅटलॉग ऑनलाइन आहे त्यातून हवं ते आधी कळवून ठेवा म्हणजे काढून ठेवतात. सोबत पेन्सिल न्या. आणि आडनावाबरोबर गाव आणि साधारण साल एवढं तरी घरच्या म्हाताऱ्यांकडून काढून न्या, त्यावरून मंथली मीटिंग कुठली ते ठरतं आणि ते ठरलं की बाकीचं भराभर उलगडतं. केंडलला गेलात तर १८१६ च्या मीटिंग हाऊसमध्ये क्वेकर टेपेस्ट्री लावलेली आहे, ७७ भरतकाम केलेले पॅनल, त्यात लोखंड, रेल्वे, दुकानं सगळे धंदे आहेत, मुलांना घेऊन जा, आमची मुलगी तिथून हलायला तयार नव्हती.