एक्स्टेंडर, मेश की केबल ओढून ॲक्सेस पॉइंट : इन्व्हर्टरच्या घरासाठी एक तुलना

राउटरची जागा बदलून पाहिली, त्याच्याभोवतीचे लोखंडी कपाट हलवले, वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चॅनेल १, ६ आणि ११ यांपैकी त्यातल्या त्यात मोकळे चॅनेल निवडले, आणि तरीही घराच्या एका टोकाला वाय-फाय रडतखडतच पोहोचते, अशा ठिकाणी आलेल्या वाचकासमोर साधारणतः तीन मार्ग उरतात. राउटरचा सिग्नल ऐकून तो पुढे पाठवणारा, भिंतीवरच्या प्लगमध्ये खोचायचा एक्स्टेंडर; एकमेकांशी बोलून एकाच नावाचे वाय-फाय घरभर देणाऱ्या दोन-तीन डब्यांचा मेश संच; किंवा लॅन केबल ओढून तिच्या टोकाला बसवलेला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलने आलेले नेट तिथून वाय-फायने देणारा डबा. लातूरच्या आमच्या घरात पहिला आणि तिसरा मार्ग मी वापरला आहे. दुसरा नांदेडला मेव्हण्याच्या फ्लॅटमध्ये आणि काही दिवस आमच्याकडे जवळून पाहिला आहे. वेगाचे आकडे मी मोजून ठेवलेले नाहीत. आमचा निर्णय वेगावर झालाही नाही. तो इन्व्हर्टरवर झाला.

आधी घराविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण मराठवाड्यातील बरीच जुनी घरे याच घडणीची आहेत. पुढच्या भागाच्या भिंती काळ्या दगडाच्या, मातीत बांधलेल्या आणि हातभराहून अधिक जाड आहेत. त्यावर पूर्वी माळवद होते, ते १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर उतरवले गेले. मागचा भाग नंतरचा, भरपूर गजांचा आरसीसी. वर एक मजला आणि त्यावर पाण्याची टाकी. मध्ये चौक. फायबर रस्त्याच्या खांबावरून येत असल्यामुळे कंपनीचा राउटर अर्थातच पुढच्या खोलीत, केबल जिथे आत शिरली तिथेच बसला. ज्यांना नेट खऱ्या अर्थाने लागते ती मंडळी मात्र मागे आणि वर राहतात, कारण वरच्या खोल्यांत नीटची तयारी करणारे विद्यार्थी भाड्याने असतात. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल पहिल्या दगडी भिंतीपाशीच हात टेकतो. २.४ गिगाहर्ट्झचा पलीकडे जातो, पण तिथे शेजारपाजारच्या डझनभर राउटरांची गर्दी आधीच असते.

एक्स्टेंडरची बाजू प्रथम मांडतो, कारण तो उगाचच बदनाम आहे असे मला वाटते. हजार-दोन हजारांच्या आसपास मिळतो, भिंत फोडावी लागत नाही, भाड्याचे घर सोडताना खिशात घालून नेता येतो. तो ज्या रेडिओवर राउटरचे ऐकतो त्याच रेडिओवर पुढे बोलत असेल तर वेग जवळपास निम्मा होतो हे खरे आहे. तथापि शंभर एमबीपीएसच्या जोडणीत निम्मा वेगसुद्धा ऑनलाइन तासिकेला पुरून उरतो. फोनवर काड्या पूर्ण दिसतात आणि नेट मात्र चालत नाही, ही नेहमीची तक्रार बहुधा एक्स्टेंडर चुकीच्या जागी लावल्याने येते. जिथे सिग्नल मेलेला आहे तिथे तो लावून उपयोग नसतो. जिथे सिग्नल अजून बऱ्यापैकी जिवंत आहे अशा मधल्या जागी तो लावावा लागतो.

आणि नेमकी ही मधली जागाच आमच्या घरात अडचणीची ठरली. आपल्याकडे इन्व्हर्टरची लाइन सगळ्या घराला दिलेली नसते. दिवे, पंखे आणि प्रत्येक भागातला एखादा प्लग पॉइंट एवढेच तिच्यावर असते. आमच्या घरात एक्स्टेंडरसाठी योग्य जागा म्हणजे चौकाच्या कडेचा बोर्ड, जिथे पूर्वी पाण्याची मोटर लावत असत. तो साहजिकच इन्व्हर्टरवर नाही. इन्व्हर्टरवरचा पॉइंट मागच्या खोलीत, देव्हाऱ्याच्या बाजूला आहे, पण तिथवर एक्स्टेंडरने पुढे न्यावा असा सिग्नलच पोहोचत नाही. परिणाम असा की वीज गेली की पुढचा राउटर चालू, वरचे पंखे चालू, विद्यार्थ्यांचे लॅपटॉप चालू आणि मध्ये बसलेला एक्स्टेंडर तेवढा बंद. वीज परत आली तरी सुटका लगेच होत नसे. आमच्याकडचा एक्स्टेंडर पुष्कळदा स्वतःचे नाव फोनवर दाखवायचा, पण राउटरशी जोडून घेण्याचे विसरायचा. मग कोणीतरी चौकात जाऊन तो उपटून पुन्हा खोचायचा, आणि त्याचा हिरवा दिवा स्थिर होईपर्यंत वरून ‘आलं का?’ अशी विचारणा चालायची. उन्हाळ्यात आणि वळवाच्या पावसात, म्हणजे ऐन परीक्षेच्या मोसमात, हे इतक्या वेळा घडते की वेगाचा प्रश्न मागेच पडतो.

यावर राउटरसाठी मिळणारा छोटा मिनी यूपीएस लावावा असे कोणी सुचवील. तो राउटरला उत्तम चालतो, कारण बहुतेक राउटर १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतात आणि मिनी यूपीएस तेवढेच व्होल्ट देतो. भिंतीत खोचायच्या एक्स्टेंडरला मात्र अडॅप्टरची पिनच नसते. त्याचे दात थेट २३० व्होल्टच्या सॉकेटसाठी असतात. इन्व्हर्टरची लाइन चौकातल्या बोर्डापर्यंत वाढवण्याचाही विचार झाला. वायरमनने भिंत पाहिली आणि खोबण मारावी लागेल असे सांगितले. तेवढी फोडाफोड करायचीच असेल तर त्या खोबणीतून दुसरे काय नेता येईल, हा प्रश्न तिथेच मनात आला.

मेशविषयी मला आदर आहे. मेव्हण्याच्या फ्लॅटमध्ये, जिथे भिंती विटांच्या आणि खोल्या एका पातळीवर आहेत, दोन डब्यांत घर व्यापले गेले आहे. नाव एकच राहते, आणि फोनवर बोलत बोलत दिवाणखान्यातून गॅलरीत गेले तरी व्हिडिओ कॉल तुटत नाही, कारण असे संच ८०२.११के, व्ही आणि आर या मानकांच्या आधारे फोनला जवळच्या डब्याकडे वळवू पाहतात. डबे १२ व्होल्टवर चालणारे असतील तर प्रत्येकाला मिनी यूपीएस जोडता येतो, ही त्यांची एक्स्टेंडरपेक्षा जमेची बाजू. परंतु बिनतारी मेशचा दुसरा डबासुद्धा पहिल्याच्या टप्प्यातच ठेवावा लागतो. दगडी भिंत त्यालाही तितकीच जाड असते. स्वस्त, दोन पट्ट्यांच्या (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) संचात डब्यांचे आपापसातील बोलणे आणि फोनशी बोलणे एकाच हवेत चालते, त्यामुळे आमच्या घरात मागचा डबा वेगाच्या बाबतीत मला एक्स्टेंडरहून फारसा वेगळा जाणवला नाही. डब्यांच्या आपापसातील बोलण्यासाठी वेगळा पट्टा ठेवणारा तीन पट्ट्यांचा संच बरा, पण त्याची किंमत ऐकल्यावर केबलचा विचार अधिक गंभीरपणे करावासा वाटतो. कंपनीच्या राउटरमागे मेश लावताना तो ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये ठेवावा, म्हणजे राउटरचे काम एकटा कंपनीचा राउटरच करील, एवढे जाता जाता सांगून ठेवतो.

केबलच्या मार्गात ‘मधली जागा’ ही भानगडच उरत नाही. शंभर मीटरपर्यंत लॅन केबल सिग्नल जसाच्या तसा नेते, मग मधे दगडी भिंत असो की स्लॅब. त्यामुळे ॲक्सेस पॉइंट कुठे बसवायचा हे सिग्नल ठरवत नाही, आपण ठरवतो. म्हणजे इन्व्हर्टरचा प्लग जिथे आहे तिथे तो बसवता येतो. त्याहून सोयीचे म्हणजे पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट). यात ॲक्सेस पॉइंटला वीजही त्याच केबलमधून मिळते. केबलमध्ये ही वीज सोडणारा छोटा डबा, म्हणजे इंजेक्टर, पुढच्या खोलीत राउटरशेजारी, इन्व्हर्टरच्या पॉइंटवर बसतो आणि वर जिन्याच्या छताला लावलेल्या ॲक्सेस पॉइंटपाशी प्लग असण्याचीही गरज राहत नाही. एवढे केल्यावरही वीज जाताना राउटर क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर इन्व्हर्टरवरचा खटका यूपीएस मोडवर आहे का ते पाहावे. साध्या मोडमध्ये बदलाला लागणारा क्षण काही राउटरांना सोसत नाही.

खर्चाची भीती वाटत असेल तर घरात पडून असलेला जुना राउटरही हे काम करतो. त्याचे डीएचसीपी, म्हणजे जोडलेल्या यंत्रांना आपोआप आयपी पत्ते वाटण्याचे काम, बंद करायचे, त्याला त्याच जाळ्यातला मोकळा आयपी पत्ता द्यायचा, केबल वॅनऐवजी (बाहेरचे नेट आत घेण्याच्या भोकाऐवजी) लॅनच्या भोकात लावायची, नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरचेच ठेवायचे, चॅनेल मात्र वेगळे. अशा राउटरला बहुधा पीओई चालत नाही, म्हणून त्याला जवळ प्लग लागेल. जुने फोन लांबच्या राउटरला चिकटून राहतात, ही कुरकुर इथे मेशपेक्षा जास्त जाणवते हे मान्य करायला हवे. दोन्हींची प्रसारणशक्ती थोडी कमी केल्यावर आमच्याकडे ती बरीच निवळली.

केबलचे स्वतःचे उपद्रवही आहेत. दुकानात स्वस्तात मिळणारी केबल पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते; पीओई करायचे असेल तर ती टाळून शुद्ध तांब्याची कॅट ६ मागावी. विजेच्या तारांच्या पाइपातून ती नेऊ नये. उघड्यावरून जात असेल तर बाहेर वापरायची काळ्या आवरणाची घ्यावी आणि उंदीर-खारींसाठी पाइपात घालावी. आणि अंगण ओलांडून दुसऱ्या इमारतीत, गोठ्यात किंवा शेतातल्या आखाड्यावर न्यायची असेल तर तांबे नेऊच नये. वळवाच्या विजा आपल्या भागात काही थोड्या नाहीत, आणि तांब्याच्या तारेतून येणारा झटका दोन्ही टोकांची यंत्रे घेऊन जातो. तिथे फायबर आणि तिच्या दोन्ही टोकांना तिचा सिग्नल लॅन केबलशी जोडून देणारे दोन मीडिया कन्व्हर्टर हाच सुरक्षित मार्ग आहे. घरातील विजेच्या तारांतूनच नेट नेणारे अडॅप्टरही मिळतात, परंतु थ्री फेज मीटर आणि इन्व्हर्टरची वेगळी लाइन असलेल्या घरात त्यांच्यावर भिस्त ठेवावी असे मला वाटत नाही.

भाड्याने राहणाऱ्याने, किंवा ज्याच्या घरात मधला प्लग नेमका इन्व्हर्टरवर आहे अशा भाग्यवंताने, एक्स्टेंडर आणून पाहावा. बहुधा त्याचे भागेल. नव्या फ्लॅटवाल्याने आणि भिंतीला हात लावू न देणाऱ्या घरधन्याने मेश घ्यावा, फक्त त्याच्या डब्यांना मागे लॅनचे भोक असल्याची खात्री करून घ्यावी, म्हणजे पुढे केबल ओढली तर तेच डबे तिच्यावर चालतील. जुने, जाड भिंतींचे, स्वतःचे घर असेल आणि वीज येऊन-जाऊन असेल, तर मात्र वायरमनला एकदा बोलवावेच. खोबण मारलीच तर तिच्यातून एकाऐवजी दोन केबल ओढून घ्याव्यात. मजुरी तेवढीच पडते, आणि पुढे-मागे कॅमेरा बसवायचा झाला किंवा पहिली केबल उंदराने तोडली, तर पुन्हा भिंत फोडावी लागत नाही.